पातळ मिशीवाला आणि आठ बाहुल्यांचे डोळे

ये गं पोरी, जवळ ये. तू तिकडं नागपुरात आणि मी इकडं, म्हणून कागदावरच जवळ ये, पण ये. आधी तुझा कान धरते, मग बाकीचं सांगते. उन्हाळ्यात आली होतीस तेव्हा माझ्या फोनमध्ये ती कोरियाची मालिका भरून गेलीस. सोळा भाग आहेत म्हणालीस. मी रोज दुपारी जेवणं आटोपली की एक भाग पाहायची. चौदा झाले आणि बघते तर पुढं काहीच नाही. माणसाला पंगतीत बसवायचं, वरण वाढायचं आणि भात न वाढताच निघून जायचं, अशी रीत आहे का आपल्या घरची? हा एक गुन्हा. दुसरा त्याहून मोठा. तीच मालिका तू भिंतीपलीकडं, तुझ्या धाकट्या आजीच्या, माझ्या जावेच्या, फोनमध्येही भरलीस, आणि मला सांगितलं नाहीस. त्यातून काय काय झालं ते आता मुकाट्यानं ऐक.

मालिका आवडली हे मी तुला सांगितलं होतं. का आवडली ते सांगितलं नव्हतं. त्यातल्या एका माणसाचा मला इतका राग आला, इतका राग आला, की त्याच्यावर चिडायला म्हणून मी रोज दुपारची वाट पाहायची. माणसाला चिडायला चांगली जागा मिळणं काही सोपं नाही या वयात. सुनेवर चिडावं तर ती बिचारी दिवसभर राबते. सरकारवर चिडावं तर त्याला ऐकू येत नाही. हा फोनमध्ये होता, समोर होता, आणि उलटून बोलत नव्हता.

सुरुवातीला मला ते लोक ओळखूच येईनात. सगळ्यांच्या डोक्यावर मच्छरदानीच्या कापडाची काळी टोपी, सगळ्यांचे कपडे पायघोळ. मग हळूहळू कळलं की हे राजाच्या पदरी असलेले चितारी. मालिका हिंदीत बोलते, त्यात त्यांना चित्रकार म्हणतात, आपण चितारीच म्हणू. जमिनीवर बसून कागद पसरतात. शाईची वडी दगडावर पाणी घालून उगाळतात, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशीच. ते पाहिलं आणि माझं मन तिथं बसलं. भातही खातात बरं का, वाटी भरून. पण त्यांचा भात गिचगोळा दिसतो, काड्यांनी उचलला तरी सांडत नाही. आपल्या वासाच्या चिन्नोर तांदळाचा भात त्यांना एकदा खाऊ घालायला हवा, काड्या टाकून हातानं जेवतील.

त्या वाड्यात एक नियम होता, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. राजाचं चित्र काढायचं तर ते एकट्यानं काढायचं नाही. कपडे एकानं काढायचे आणि चेहरा दुसऱ्यानं. कपडे काढायचा एक बुटका म्हातारा. वर्षानुवर्षं तेच करतोय. झग्याची एकेक चुणी, छातीवरचा सोन्याचा अजगर, त्याचं एकेक खवलं. पाठीला बाक आला त्याच्या. आणि सगळं झालं की शेवटच्या दिवशी तो यायचा, पातळ मिशीवाला. पांढरे कपडे घालून, हात धुऊन, सगळ्यांना बाजूला सरकवून. दोन डोळे काढले, नाक काढलं, ओठ काढले की झाला मोकळा. राजा यायचा, चित्र बघायचा आणि त्यालाच म्हणायचा, वाह! म्हातारा मागं भिंतीला टेकून उभा.

मी फोन बाजेवर आपटला आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सून स्वयंपाकघरातून धावत आली.

"आई, कोणाले शिव्या देऊन राहिल्या?"

"त्या मिशीवाल्याले."

"तो फोनात आहे."

"म्हणूनच वाचला."

आता तुला वाटेल, आजीला एवढं लागायचं काय कारण. सांगते. पण आधी भिंतीपलीकडचं.

तुला ठाऊकच आहे, आपल्या आणि धाकटीच्या अंगणांच्या मध्ये वाटणीच्या वेळी घातलेली ती भिंत छातीएवढीच आहे. खाली बसलेला माणूस दिसत नाही आणि आवाज मात्र एकही चुकत नाही. एका दुपारी मालिकेचा नगारा वाजला आणि पाठोपाठ परत वाजला. मला वाटलं, माझ्याच फोनचा आवाज भिंतीवर आपटून माघारी येतोय. फोन बंद केला तरी नगारा सुरूच. मग ऐकलं, धाकटी तिच्या सुनेला सांगत होती, "बिचारा मिशीवाला! किती सोसते वं तो. साऱ्या कामाचा भार त्याच्यावर, अन् तो बुटका म्हातारा नुसता जळते त्याच्यावर."

जळते! म्हातारा जळते! मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

आठ वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. बोलायचं असलं तर कोंबडीला, मांजराला नाहीतर सुनेला ऐकवायचं, तेही मोठ्यानं. आता त्यात मालिका मिळाली. तेव्हापासून ती सकाळीच भाग पाहून घ्यायची, मी दुपारी. मी खाट ओढून बसले की पलीकडून आवाज यायचा, "अवं सूनबाई, आज त्या म्हाताऱ्याची बोटं सुजतेत वं!" झालं, माझ्या भागाची माती. दुसऱ्या दिवशी, "आज म्हाताऱ्याले वाड्यातून हाकलतेत!" मी तरी काय कमी. वाऱ्याची दिशा पाहिली आणि अंगणातल्या चुलीवर लाल मिरची भाजायला घेतली. पलीकडं अख्ख्या घराला ठसका लागला. सून म्हणाली, "आई, काऊन असं करता?" मी म्हटलं, तिखट संपलं होतं.

आता कारण. तुला आठे ठाऊक आहे, पण त्यामागचं तू कधी विचारलं नाहीस, म्हणून कोणी सांगितलं नाही.

माझी सासू, म्हणजे तुझी पणजी, छत्तीसगडकडची. लग्न होऊन इकडं आली तेव्हा दोन गोष्टी घेऊन आली, एक तिची बोली आणि दुसरी आठे. कृष्णजन्माच्या अष्टमीला देवाच्या खोलीतल्या भिंतीवर आठ बाहुल्या काढायच्या, देवकीची आठ लेकरं. वर चंद्र-सूर्य, खाली साप आणि विंचू. गेरू लाल, चुना पांढरा, आणि वालाच्या पानांचा रस हिरवा. बांबूची काडी, तिच्या टोकाला कापूस. डोळे मात्र काजळानं, आणि तेही पूजेच्या अगदी आधी. तोवर बाहुल्या आंधळ्या. डोळे उघडले की देव आला, मग दिवा लावायचा.

मी या घरात आले त्या पहिल्याच वर्षी सासूनं काडी माझ्या हातात दिली. अंगं मी काढायची, डोळे सासू काढायची. किती तरी वर्षं. माझ्या बाहुल्यांचे हात कसे नीट यायचे, कमरेला कसा बाक यायचा, गावातल्या बाया बघायला यायच्या. मनात धरून होते की सासू थकली की डोळे माझे. मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आम्ही दोघी जावा तिच्यापुढं बसलेल्या. ती म्हणाली, "आँखी ला छोटकी बनाही." डोळे धाकटी काढेल.

एवढंच. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. धाकटीनं जन्मात बाहुलीचं एक बोट काढलं नव्हतं! पण त्या वर्षापासून मी दोन दिवस भिंतीशी वाकून बसायची, आणि ती शेवटी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून यायची, सोळा टिंबं द्यायची आणि मोकळी. बाया म्हणायच्या, "बाप्पा, काय जिवंत डोळे काढले!" अंगाचं नाव कोणी घेईना.

सासू गेली. त्यानंतरच्या पहिल्या आठेला मी ठरवलं होतं की आता बस, आता डोळेही मीच. मी प्रसादाची पंजिरी भाजत होते. परत येऊन पाहते तर धाकटी भिंतीपुढं, हातात काजळाची काडी, आणि आठही बाहुल्या माझ्याकडं टकामका बघतायत. चौकटीपाशी पोतेरं पडलेलं होतं. मी ते उचललं आणि सोळाच्या सोळा डोळे पुसून टाकले.

देवाचे उघडलेले डोळे पुसले मी. खोलीत चार बाया होत्या. धाकटी काडी खाली ठेवून गेली, ती आठ वर्षं त्या खोलीत आली नाही. खोली दोघींची आहे, दार दोन्हीकडून आहे. तिनं तिकडून कडी लावून घेतली. मी दुसऱ्यांदा काजळ कालवून डोळे काढले, आणि पुढं दर वर्षी मीच काढत आले. कोणी जिवंत म्हणालं नाही.

हे मी तुला यासाठी सांगते आहे की त्या बुटक्या म्हाताऱ्याकडं बघून माझा जीव का जळत होता ते तुला कळावं.

आता यंदाचं. दोन वर्षांपूर्वी तो सांधे धरणारा ताप आला होता ना, त्यानंतर माझा उजवा हात हलतो. अंगं काढताना चालून जातं, मोठी रेघ आहे, मनगट भिंतीला टेकवता येतं. पण टिंब साधत नाही. मागच्या वर्षीचे डोळे पसरून गालापर्यंत आले होते. भिंतीला ओल आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. यंदा तेही जमणार नाही हे मला कळत होतं. आणि डोळे नाहीत तर आठे नाही. सासूनं आणलेलं माझ्या हातून बुडणार, आणि भिंतीपलीकडून धाकटी ते ऐकणार. आषाढापासून माझ्या मनात हेच.

त्यात नेमका चौदावा भाग. त्या पातळ मिशीवाल्याची नजर मंद झालेली. नवा राजा गादीवर बसलाय, त्याचं चित्र काढायचंय. म्हाताऱ्याला परत बोलावून आणलंय, त्यानं झगा पूर्ण केलाय. चेहऱ्याची जागा कोरी. मिशीवाला कुंचला घेऊन उभा, आणि त्याला कागद दिसत नाही. म्हातारा त्याच्याकडं बघतोय. नगारा वाजला आणि भाग संपला. पुढं तू काही ठेवलंच नाहीस!

मी दोन दिवस फोन उलटापालटा करत होते. तिसऱ्या दिवशी पलीकडून आवाज आला, कोंबड्यांना दाणे टाकता टाकता, "शेवटी मिशीवालाच काढते बाप्पा! एकट्यानं काढते! अन् म्हाताऱ्याले देश सोडा लागते!"

कोंबड्यांना काय त्याचं. मला सांगत होती. मी त्या दिवशी मिरचीही भाजली नाही. खरं वाटलं मला. जगात असंच होतं, असं वाटलं.

आठेच्या आदल्या दिवशी भिंत सारवली. आठेच्या दिवशी दुपारपर्यंत आठही बाहुल्या उभ्या राहिल्या, चंद्र, सूर्य, साप, विंचू, सगळं. संध्याकाळी पूजा. दिव्यावर धरलेलं काजळ जवसाच्या तेलात कालवून ठेवलं होतं. दार लोटून घेतलं, काडी बुडवली आणि पहिल्या बाहुलीला टेकवायला गेले, तर टिंब तिच्या कानावर पडलं. मी तशीच बसून राहिले. पोतेरं जवळच होतं, त्याला हात लावायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात पलीकडच्या दाराची कडी वाजली. आठ वर्षांनी. गंजलेली होती, दोनदा अडली, मग उघडली. धाकटी चौकटीत उभी, हातात फोन. आत पाय टाकला नाही. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, तुमच्याजवळ पंधरावा हाय का?"

मला आधी कळलंच नाही. "काय पंधरावा?"

"भाग. पोरीनं मले चौदाच देल्ले."

"अवं, मंग तू त सांगून राहिली होतीस, मिशीवालाच काढते म्हणून? म्हाताऱ्याले देश सोडा लागते म्हणून?"

"मले का माहीत! तुम्ही जळा म्हणून बोलली."

बघ, हे असं आहे. एवढ्या वयाची बाई, तोंडावर सांगते. मी म्हटलं, "मायाजवळही चौदाच हायेत. चाल, निघ." पण ती निघाली नाही. भिंतीकडं बघत होती.

"हे का? आंधळेच पुजता का यंदा?"

"हात हलते."

"कानात डोळा देल्ला तुम्ही."

"दिसते मले."

मग ती आत आली. खाली बसली, गुडघ्याला हात लावून, तीन वेळा "अगं माय" करत. मग एकदम म्हणाली, "तुम्ही माये डोळे कायले पुसले व बाई?"

आठ वर्षांत कोंबडीला, मांजराला सगळं विचारून झालं होतं, हे मात्र राहिलं होतं. मी म्हटलं, "राग आला."

"सासूबाईनं मले देल्ले होते."

"म्हणूनच आला."

बाहेर सून घागर घासत होती. माफी वगैरे मी मागितली नाही, तुला खोटं सांगणार नाही. मी फक्त काजळाची वाटी तिच्याकडं सरकवली. तिनं हात पुढं केला आणि मला हसू आलं. तिचा हात माझ्याहून जास्त हलत होता!

"हासता कायले? मी त चहाची कपबशी दोन हातानं धरतो."

"मंग डोळे का पायानं काढशील?"

"काडी मी धरतो. तुम्ही मायं मनगट धरा. दाबू नका, नुसतं धरा."

"मी कायले धरू? मी काडी धरतो, तू मनगट धर."

यावर चांगलं भांडण झालं, पोरी. शेवटी काडी तिच्याकडं गेली, कारण सासूनं तिला सांगितलं होतं हे मला नाकारता येईना. मी तिचं मनगट धरलं. हाडंच लागली हाताला. मग तिनं मला ते सांगितलं जे सासूनं तिला एकटीला सांगितलं होतं. टिंब डोळ्याच्या मधोमध द्यायचं नाही, खालच्या काठाला द्यायचं, म्हणजे बाहुली खाली बघते, पुढ्यात बसलेल्या माणसाकडं. आणि श्वास सोडायचा, मग टेकवायचं. मी इतकी वर्षं मधोमध देत होते. माझ्या बाहुल्या सगळ्यांच्या डोक्यावरून छपराकडं बघायच्या. म्हणून त्या जिवंत वाटत नव्हत्या. आठ वर्षं! भिंतीवरून ओरडून सांगितलं असतं तरी चाललं असतं. मिशीवाल्याच्या वार्ता बऱ्या सांगता आल्या तिला.

सोळा डोळे झाले. मागं सरून पाहिलं. तिसरी बाहुली चंद्राकडं बघते, पाचवी विंचवाकडं, आणि सातवीचा एक डोळा माझ्या दाराकडं आणि एक धाकटीच्या दाराकडं. बाकीच्या खाली बघतात. पहिलीच्या कानातलं टिंब धाकटीनं बाळी करून टाकलं. ते तेवढं बरं जमलं, मी तिला तसं म्हटलं नाही.

दिवा लावला. पूजा झाली. प्रसाद घेता घेता ती म्हणाली, "सातवीचा डोळा तुमच्यानं वाकडा झाला. मनगट दाबलं तुम्ही."

"तूच श्वास सोडून राहिली होतीस, फुंकर मारल्यावानी."

तेव्हापासून रोज सुरू आहे. आता सुनेला किंवा कोंबडीला मध्ये घेत नाही, सरळ एकमेकींनाच बोलतो, आणि पूर्वीपेक्षा जास्त बोलतो. ती रोज दुपारी देवाच्या खोलीत येते, सातवीपुढं उभी राहते, मान हलवते आणि विचारते, "आला का पंधरावा?" मिशीवाल्याची बाजू अजून सोडत नाही. म्हणते, तो म्हाताऱ्याला मनगट धरायला सांगेल. मी म्हणते, त्याला एवढी अक्कल असती तर चौदा भाग लागलेच नसते.

म्हणून तुला लिहायला बसले. धान पोटरीत आलंय, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात आहेत, पण ते तू बघायला येणार नाहीस, मला माहीत आहे. दिवाळीला चुना मारला की बाहुल्या जातील, आणि मग सातवीचा डोळा कोणामुळं वाकडा झाला हे सांगायला कोणी उरणार नाही. दोघींची नात तूच, तेव्हा निवाडा तुलाच करावा लागेल. नागपूरहून सकाळची गाडी धर, गोंदियाला उतर, तिथून ऑटोनं ये. चुना लागायच्या आत ये. आणि ते दोन भाग माझ्याच फोनमध्ये टाक, एकाच. धाकटीला तो बघायला इकडं येऊ दे. ये लवकर.